नफ्याची एकुलती एक तिमाही

१

चोरी झाली की वस्तू जागेवर नसते. इथे उलटं झालं होतं. वस्तू जागेवर होती, आणि सगळा घोळ त्याचाच होता.

खाणीच्या मागच्या अंगाला, बंद पडलेल्या शुद्धीकरण कारखान्याला खेटून एक जुनं गोदाम होतं. त्यात सीलबंद लोखंडी ड्रम रांगेनं उभे होते. प्रत्येक ड्रमच्या पोटावर पत्र्याची पट्टी आणि तिच्यावर ठोकलेला खेपेचा क्रमांक. नेमके हेच क्रमांक सात वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या बिलांवर होते. म्हणजे कागदोपत्री जो माल विकला गेला होता, बोटीत चढला होता, ज्याचे पैसे बँकेत जमा झाले होते, तो इथे आरामात धूळ खात बसला होता.

हे उघडकीला आलं एका निनावी पाकिटामुळे. पाकिटात ड्रमचे फोटो होते, चिठ्ठी नव्हती, आणि ते गेलं होतं थेट कंपनी विकत घ्यायला आलेल्या लोकांच्या वकीलबाईंकडे.

सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या, आणि बघतात तो दारात सून. ऑफिसच्या कपड्यांत, पण ऑफिसच्या वेळी इथे. सासू-सुनेची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर होती. जवळ राहावं पण स्वयंपाकघरं वेगळी असावीत, यावर दोघींचं पहिल्या दिवसापासून एकमत होतं. बाकी फारशा कशावर नव्हतं.

"काय गं, घर पेटलं की नोकरी गेली?" सासूबाईंनी झारी खाली न ठेवताच विचारलं.

"नोकरी अजून गेली नाही," सून म्हणाली. "सोमवारी जाईल. आणि आई, त्याच दिवशी मला पोलिसांच्या ताब्यात देणार आहेत."

झारीतलं पाणी कुंडीतून वाहून खिडकीबाहेर गळायला लागलं, तरी सासूबाईंचा हात तसाच होता.

२

सासूबाई निवृत्त ऑडिटर होत्या. उभी हयात त्यांनी तोट्यातल्या कंपन्यांचे हिशेब तपासण्यात घालवली होती. त्यांचं म्हणणं असं की नफ्यातल्या कंपन्या सगळ्या एकसारख्याच कंटाळवाण्या. तोट्याला मात्र स्वभाव असतो. त्यांच्या ऑफिसात त्यांना मागून 'भिंग' म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं.

चहा झाला. सुनेनं तो नुसता हातात धरला होता.

"पहिल्यापासून सांग. रडायचं नंतर बघू."

सून सांगू लागली. कंपनी दुर्मिळ मृदा खनिजांची. नाव मातीचं, काम धातूंचं. जिथे म्हणून बारीक पण ताकदवान चुंबक लागतो, फोनपासून पवनचक्कीपर्यंत, तिथे यांचा माल लागतो. जग ज्याच्यामागे धावतंय ते यांच्या जमिनीत आहे, तरी कंपनीनं आयुष्यात नफा पाहिला नव्हता. दर वर्षी तोटा, आणि दर वर्षी वार्षिक सभेत मालक उभे राहून सांगणार, "पुढल्या वर्षी नक्की." शेवटी कामगारांनी मालकांचं नावच 'पुढल्यावर्षी' ठेवलं.

"आणि ती एक तिमाही?"

"सात वर्षांपूर्वी. दुसऱ्या एका देशानं माल बाहेर पाठवणं बंद केलं, भाव भडकला, आणि आमच्याकडचा चुंबकाचा सगळा माल एका दलाल कंपनीनं उचलला. नफा झाला. एकदाच. मी तेव्हा नुकतीच हिशेब विभागाची प्रमुख झाले होते. माझी पहिली सही त्या तिमाहीवर आहे."

"आता ती दलाल कंपनी?"

"बंद पडली. विचारायला कुणी उरलं नाही."

आलेल्या खरेदीदारांचा सगळा भाव त्या तिमाहीवर बसवलेला होता. बाजार चढला तर ही खाण कमावू शकते, याचा तेवढाच एक पुरावा. आणि आता ड्रम सापडल्यावर कंपनीचा नवा वित्त अधिकारी म्हणत होता की विक्री झालीच नाही, कुठून तरी पैसे फिरवून नफा रंगवला, आणि रंगवणारी ही. वित्त अधिकारी सदैव टाय लावून असे, म्हणून त्याला सगळे 'टाय' म्हणत. टायनं हे प्रकरण बोर्डापुरतं ठेवलं होतं आणि सुनेला घरी बसवलं होतं.

"पैसे आलेले मी पाहिले, आई. माल गेलेला नाही पाहिला. मी हिशेबात बसते, गोदामात नाही." सुनेनं कप खाली ठेवला. "चौकशीत मदतीला एक माणूस नेता येतो. मालकांना फोन करून तुमचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं, काही विचारलंसुद्धा नाही."

"मला विचारण्याआधी माझं नाव सांगितलंस?"

"हो."

"बरं केलंस. फोटो आहेत?"

सुनेकडे प्रती होत्या. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि फोटो टेबलावर एकापुढे एक मांडले. पट्ट्या स्वच्छ, क्रमांक ठसठशीत. फोटो काढणाऱ्याचा हात चांगला होता. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली ती पडलीच.

"हे बघ. सगळे फोटो गळ्यापासून खाली काढलेत. एकाही ड्रमचं झाकण आलेलं नाही. माणसाचा फोटो कुणी मुंडकं सोडून काढतं का?"

३

शनिवारी सकाळी सासूबाई कंपनीत पोचल्या. टायच्या केबिनमध्ये प्रत्येक वस्तू काटकोनात होती. त्यानं सासूबाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बाकी काहीच द्यायची तयारी दाखवली नाही.

"मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण क्रमांक बिलावर, तोच क्रमांक ड्रमवर. याच्यापुढे बोलण्यासारखं काय उरतं?"

"ड्रम उघडून पाहिला?"

"छे! आमच्याकडे नियम आहे, सील फक्त गिऱ्हाइकासमोर फुटतं. एकदा हवा लागली की मालाचा दाखला रद्द. शिवाय आता तो पुरावा आहे. मी गोदामाला दुसरं कुलूप घातलंय. दुरून बघा, हात लावायचा नाही."

"तुम्ही इथे कधी आलात?"

"दोन वर्षं झाली."

"आणि खरेदीदार आले की तुमची खुर्ची राहणार?"

टायचे कान लाल झाले. "राहणार. पण म्हणून मी हे उकरून काढलं असं म्हणत असाल तर साफ चूक. व्यवहार मोडला तर माझीही खुर्ची जाते."

हे मात्र खरं होतं. सासूबाईंनी मनातल्या मनात त्याच्या नावासमोर अर्धी फुली मारली. मग त्यांनी जुनी तिमाही पत्रकं मागितली आणि तासभर वाचत बसल्या. तोटा, तोटा, तोटा, मध्येच नफा, आणि त्याच्या पुढच्याच तिमाहीत नेहमीपेक्षा कितीतरी मोठा तोटा.

"हा एवढा कशाचा?"

"विकला न जाणाऱ्या मालाची किंमत शून्य धरली तेव्हा."

"कसला माल?"

"तिथे नुसतं वजन लिहिलंय. असेल काहीतरी जुनंपानं."

"अहो, खोटा नफा दाखवणारा माणूस त्याच्या पाठोपाठ आपणहून एवढा तोटा कशाला दाखवेल? त्याला नफा मिरवायचा असतो. हिनं तर नफा झाल्या झाल्या स्वतःच्या हातानं त्याच्यावर पाणी ओतलंय."

"डाव असेल," टाय म्हणाला, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

गोदामाकडे न्यायला गोदामवाला आला. अघळपघळ, तोंडानं मोकळा माणूस. बाहेरचं जुनं कुलूप त्याच्या किल्लीचं, आतलं टायचं. टाय किल्ली घेऊन मागे मागे.

"तुमची किल्ली कुणाकडे असते?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्याकडं कसली मावशी, खिळ्याला असते. ज्याला पाहिजे तो घेतो. आत होतं काय चोरण्यासारखं? आजवर कुणी फिरकलं नाही."

"हे ड्रम कसले, तुम्हाला माहीत होतं?"

"मी आलो तेव्हा शुद्धीकरण बंदच झालं होतं. आता आपण कच्चा माल मोजतो नि लादतो, बस. हे आधीच्या राज्यातलं."

दार करकरत उघडलं. ड्रम होते, सगळ्यांची सीलं शाबूत होती. सासूबाई टाचा उंचावून वर पाहू लागल्या. धुळीखाली प्रत्येक झाकणाच्या कडेनं रंगाचा एक पट्टा फिरवलेला होता. पिवळा. सगळ्याच्या सगळ्या झाकणांवर पिवळा.

"हा पट्टा कशाचा?"

"रंगाऱ्याची हौस असेल," गोदामवाला म्हणाला. टायनं खांदे उडवले. पट्टा त्यानंही पाहिला होता, पण त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

सासूबाईंच्या मनात मात्र पाल चुकचुकली. फोटो काढणाऱ्याला हाच पट्टा नको होता.

४

मालकांच्या खोलीत कपाटभर दगड होते. सासूबाई आल्यावर मालक उठून उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. त्यांनी एक तपकिरी दगड काढून सासूबाईंच्या हातात दिला.

"पहिल्या दिवशी निघालेला. लोक म्हणाले, माती विकत घेतलीस. मी म्हटलं, थांबा थोडं."

"किती थांबायचं?" सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं.

मालक हसले. "पुढल्या वर्षी भाव परत चढतोय, लिहून घ्या. पण मला आता कोण विचारतो? बोर्डात माझं मत एक. बाकी सगळ्यांना विकून मोकळं व्हायचंय. आणि घेणारे काय करणार माहीत आहे? आधी खाण बंद. परवाना खिशात ठेवणार आणि चांगल्या दिवसांची वाट बघत बसणार. तीनशे माणसं घरी."

"त्या ड्रममध्ये काय आहे?"

मालकांनी दगड परत घेतला आणि तो कपाटात ठेवायला पाठ वळवली. "मला काय माहीत? ते हिशेबाचं काम. मी जमिनीचा माणूस. क्रमांकबिमांक मला कधी कळले नाहीत." मग पाठमोरेच म्हणाले, "तुमच्या सुनेला काही होणार नाही. काळजी करू नका."

"कशावरून?"

"मला वाटतं तसं."

वाटण्यावर सासूबाईंनी आयुष्यात कधी भरवसा ठेवला नव्हता.

जुन्या मालाचं विचारण्यासारखे आता प्रयोगशाळेचे प्रमुख तेवढे उरले होते. ते रजेवर होते, त्यांना नात झाली होती. त्याच संध्याकाळी ते परतले आणि सासूबाईंनी त्यांना घरीच गाठलं. गृहस्थ आधीच आनंदात, त्यात ऐकणारं माणूस मिळालेलं. आधी नातीचं नाक कुणावर गेलं ते ऐकून घ्यावं लागलं. मग सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे खेपेचा क्रमांक कशाला देतात हो?"

"हल्ली होय? हल्ली पोत्यांना. पूर्वी शुद्धीकरण होतं तेव्हाची रीत वेगळी होती. तेव्हा क्रमांक खनिजाला द्यायचे."

"खनिजाला म्हणजे?"

"त्याचं असं आहे ताई, या दगडात सगळे धातू एकत्र नांदतात. एकाला बाहेर काढायचं तर बाकीचेही निघतातच, तुम्हाला नको असले तरी. जगाला हवं असतं चुंबकाचं काळं. ते निघतं ओंजळभर. सोबत निघतं ढीगभर पिवळट सेरियम. काच घासायला चालतं, पण बाजारात आधीच इतकं पडलंय की फुकट दिलं तरी नेणावळ कोण देणार? आमचा तोटा दुसरा कशात नाही बघा, नको असलेल्या पोरांना पोसण्यात आहे."

"आणि क्रमांक?"

"एका खेपेचं खनिज आत गेलं की त्यातून निघेल त्या प्रत्येक मालावर तोच क्रमांक. काळ्यावरही तोच, पिवळ्यावरही तोच. एका घरच्या सगळ्या भावंडांचं आडनाव एक असतं ना, तसं."

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मग कुठला ड्रम कसला, हे ओळखायचं कसं?"

"झाकणावरून! काळ्याला काळा पट्टा, सेरियमला पिवळा. तेव्हा लहान पोरालासुद्धा ठाऊक होतं. आता शुद्धीकरणातले त्या वेळचे राहिलोत कोण? मी आणि मालक."

"आणि ही रीत बसवली कुणी?"

"मालकांनीच. पहिले पट्टे त्यांनी स्वतः ब्रश घेऊन ओढलेत." प्रयोगशाळाप्रमुख हसले, आणि मग त्यांचं हसू विझलं. "पण तुम्ही हे सगळं का विचारताय? काही झालंय का?"

सासूबाईंनी सांगितलं. ऐकता ऐकता गृहस्थ उठूनच उभे राहिले. "अहो, मग मला कुणी विचारलं का नाही?"

"तेच तर मलाही विचारायचंय," सासूबाई म्हणाल्या.

५

सोमवारी बैठकीच्या खोलीत वकीलबाई होत्या, टाय होता, मालक होते. एका टोकाला सून बसली होती आणि तिनं आपले हात मांडीखाली दाबून धरले होते.

सासूबाईंनी फार वेळ घेतला नाही. भावंडांची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "हिच्याकडे फक्त विकल्या मालाची बिलं यायची. न विकलेल्याचं नुसतं वजन. त्यामुळे सेरियमच्या ड्रमवर कुठला क्रमांक आहे हे हिला कळायची सोयच नव्हती. जो माल विकला तो गेला. मागे राहिली ती त्याची भावंडं. उघडून बघा."

"सील फोडायचं?" टाय ताडकन म्हणाला. "पुरावा आहे तो!"

"नियम काय आहे? गिऱ्हाइकासमोर फुटतं." सासूबाईंनी वकीलबाईंकडे पाहिलं. "गिऱ्हाईक बसलंय की समोर."

वकीलबाईंनी क्षणभर विचार केला आणि खुर्ची मागे सारली. "चला."

गोदामापर्यंतचा रस्ता लहान होता, पण सासूबाईंना तो संपता संपेना. बोलताना त्यांना सगळं स्वच्छ दिसलं होतं. आता चालताना मात्र नको ते सुचत होतं. पट्टा चुकीचा ओढला असेल तर? पिवळ्या झाकणाखाली कुणी काळं भरून ठेवलं असेल तर? आपण सुनेला वाचवायला निघालो आणि आपल्याच हातानं तिला बुडवायचो. त्यांनी मागे पाहिलं. सून चालत होती, पण चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

प्रयोगशाळाप्रमुख दारातच उभे होते. त्यांच्या हातात काचेची कुपी होती आणि कुपीत काळपट तपकिरी भुकटी.

"हा चुंबकाचा माल," ते म्हणाले. "ड्रममधून असं निघालं तर साहेबांचं बरोबर."

टायनं मधल्या रांगेतला एक ड्रम स्वतः निवडला. गोदामवाल्यानं पहार घातली. सील तुटलं, पण झाकण हलेना. त्यानं जोर लावला, गुडघा टेकवला, पुन्हा जोर लावला. सुनेनं डोळे मिटून घेतले होते.

झाकण खणखणत जमिनीवर पडलं.

"बघा," प्रयोगशाळाप्रमुख म्हणाले.

आत भुकटी होती. मऊ, फिकट, लोण्याच्या रंगाची.

मग टाय पुढे झाला. चिमूटभर भुकटी घेऊन त्यानं ती उजेडात धरली, कुपीशेजारी धरली. "दुसरा उघडा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. दुसरा उघडला. फिकट. अगदी कोपऱ्यातला, भिंतीला टेकलेला उघडला. तोही फिकटच.

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच एका ड्रमवर टेकल्या, आणि या वेळी त्यांना हात लावू नका म्हणायला कुणी धजलं नाही.

"तुमचा नफाही खरा आणि तोटाही खरा," त्या टायला म्हणाल्या. "इतका प्रामाणिक तोटा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही."

टायनं रुमालानं बोटं पुसली. मग तो सुनेसमोर जाऊन उभा राहिला. "माझी चूक झाली. मी पट्टी वाचली आणि तिथेच थांबलो." सुनेनं नुसती मान हलवली.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. "अजून एक गोष्ट राहिली. मला फोटो पाठवले कुणी?"

६

"दार लावून घ्या," मालकांच्या खोलीत आल्यावर सासूबाई म्हणाल्या. आत त्या होत्या, सून, वकीलबाई, टाय आणि मालक.

"फोटो काढणाऱ्यानं एकूणएक फोटोत झाकणं वगळली. ज्याला पट्ट्याचा अर्थ माहीत नाही तो पट्टा कशाला लपवेल? तुम्ही," त्या टायला म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आलात. गोदामवाला शुद्धीकरण बंद झाल्यावर आला. तुम्हा दोघांच्या लेखी ती रंगाऱ्याची हौस. पट्टा कळणारी माणसं उरली दोन. त्यातल्या एकाला मी नुसतं क्रमांकाबद्दल विचारलं, तर त्यानं न मागता सगळी वंशावळ सांगितली. लपवायचं असतं तर गप्प बसला असता."

टायनं मालकांकडे पाहिलं.

"दुसऱ्यानं मला सांगितलं की क्रमांकबिमांक आपल्याला कळत नाहीत. आणि क्रमांकाची रीत त्यानंच बसवलेली. पट्टे त्यानंच ओढलेले."

मालकांनी नाकारलं नाही. ते खिडकीपाशी गेले. खाली खाणीचा खड्डा होता, त्यात ट्रक चढत उतरत होते.

"मला फक्त त्यांना पळवून लावायचं होतं," ते म्हणाले. "वाटलं, हिशेबात काहीतरी काळंबेरं दिसलं की घाबरून परत जातील. मग आम्ही म्हणू, गैरसमज झाला, ड्रम उघडून दाखवू. तेवढ्यात पुढल्या वर्षीचा भाव..."

"आणि ही?" सासूबाईंचा आवाज चढला. "हिच्या सहीवर तुम्ही धोंडा टाकलात! त्या एका तिमाहीवर सही कुणाची आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"सहीकडे लक्षच गेलं नाही. खरंच नाही गेलं. तिला घरी बसवल्याचं कळलं तेव्हा... तेव्हा तोंड उघडायची हिंमत झाली नाही. म्हणून तुमचं नाव आल्या आल्या हो म्हटलं. वाटलं, तुम्ही शोधून काढाल."

"म्हणजे तुमची घाण निस्तरायला मला बोलावलंत!"

"हो," मालक म्हणाले. मग ते सुनेकडे वळले आणि हात जोडले. "पोरी, तुझी माफी मागायला मला तोंड नाही."

सुनेला संताप आला होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. "मला लेखी हवंय," ती म्हणाली. "सगळं. बोर्डासमोर वाचून दाखवायचं. तुम्ही स्वतः."

"दाखवतो."

टायनं न सांगता कोरा कागद पुढे सरकवला. मालक लिहायला बसले. वकीलबाईंनी आपली बॅग बंद केली आणि जाता जाता सुनेला म्हणाल्या, "त्या तिमाहीला आता धक्का नाही. आमच्या लोकांना मी तसंच कळवते. आणि खाण बंद करायची की चालू ठेवायची, हे ठरवताना तुम्हाला बोलवायला सांगते. इथला खरा हिशेब तुम्हालाच माहीत आहे."

दुपारी दोघी गाडीत बसल्या. सुनेनं किल्ली फिरवली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर पाहत राहिली. फाटकातून जेवणाच्या सुटीचे कामगार बाहेर पडत होते, मोठमोठ्यानं बोलत होते.

"आई, एक विचारू? खरं सांगाल?"

"मी खोटं कधी बोलते?"

"तुम्हाला एकदाही वाटलं का, की मी केलं असेल?"

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. खोटं बोलणं सोपं होतं, आणि आजच्या दिवशी ते सुनेला गोडही लागलं असतं.

"वाटलं," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी, तू निघून गेल्यावर. सबंध दुपार वाटत होतं. मग तुझा राग आला, मग माझा राग आला. म्हटलं, घरी बसून नुसतं वाटत राहण्यापेक्षा जाऊन बघावं."

सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. सासूबाई घाबरल्या. "अगं, मी... आजवर इतक्यांचे हिशेब पाहिलेत, सवयच लागलीय ना..."

"नाही हो," सून म्हणाली, आणि सासूबाईंच्या लक्षात आलं की ती रडता रडता हसतेय. "मलाही वाटलं होतं. स्वतःबद्दल! दोन रात्री झोपले नाही. वाटायचं, नवीन होते, घाईत होते, कुणीतरी पुढे कागद सरकवला असेल आणि मी न वाचता सही केली असेल. ते झाकण निघेपर्यंत, आई, मला स्वतःचीच खात्री नव्हती."

"वेडी कुठली," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनाही हसू फुटलं. दोघी इतक्या हसल्या की शेजारून जाणारे दोन कामगार थबकून गाडीत डोकावले.

मग सुनेनं नाक पुसलं, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली.

"घरी सोडू तुम्हाला?"

"तुझ्याकडे चल," सासूबाई म्हणाल्या. "आज स्वयंपाक तू कर. मी नुसती बसून राहणार आहे."